साबणानं धुतलेलं खापर

खापर मी धुतलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे, हे मला आत्ता कळलं. बोलायला मला अकरा वर्षं लागली, आणि त्या अकरा वर्षांत माझ्या वाट्याची बोलणी माझी बायको खात राहिली.

ज्यांनी खापर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बागलाणात पुरणपोळीला मांडा म्हणतात आणि ती तव्यावर होत नाही. मातीचं एक मोठं, पसरट भांडं चुलीवर पालथं घालतात. ते खापर. पुरण भरलेली पोळी लाटणं-पोळपाट न वापरता हातांवर वाढवतात. आधी तळव्यांवर, मग मनगटांवर, मग कोपरापर्यंत. अशी झुलवत झुलवत ती धोतराच्या पानासारखी पातळ झाली, की एका झटक्यात तापलेल्या खापरावर टाकतात. टाकताना हात खापराला लागतो. ज्या बाईच्या हातांवर डाग नाहीत तिला मांडे येत नाहीत, असं आमच्याकडे न सांगता समजतं.

नवं खापर कामाचं नसतं. ते तेल पिऊन पिऊन काळं व्हावं लागतं. आईचं खापर तिच्या माहेरून आलेलं होतं आणि माझ्या जन्माच्या आधीपासून तेल पीत होतं. त्याचा तळ बाहेरून तुकतुकीत काळा होता, एखाद्या म्हशीच्या पाठीसारखा. ते फडक्यानं पुसायचं. पाणी लावायचं नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मला सांगायची वेळ कधी येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी नाशिकजवळ सातपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. जवळच्याच कॉलनीत दोन खोल्या, मागं मोरी आणि चार पावलांचं परस. लग्नाला वर्ष होत आलं होतं. बायको नाशिकचीच, शिक्षकाची मुलगी. तिची भाषा पुस्तकात छापावी अशी. त्यामुळे गावाहून, म्हणजे नामपूरहून, आई आली की घरात दोन भाषा सुरू व्हायच्या. आई सुनेशी शहरी मराठी बोलायची. ते तिला फार कष्टाचं जायचं. प्रत्येक वाक्याच्या आधी ती थोडी थांबायची, पाणी किती खोल आहे ते पाहून पाय टाकावा तशी. माझ्याशी मात्र ती अहिराणी बोलायची आणि मी तिला शहरी मराठीत उत्तर द्यायचो. हाही माझा एक गुन्हाच आहे, पण तो या प्रकरणात नाही.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई आमच्याकडे आली ती खापर घेऊन. नामपूर ते नाशिक एसटीत तिनं ते मांडीवर धरलं होतं. सटाण्याला कंडक्टर म्हणाला, मावशी, वर टपावर टाका, तर तिनं त्याला विचारलं की तू तुझं मूल टपावर टाकशील का. खापर आणण्याचं कारण मी होतो. स्टोअरमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी मांड्यांचं वर्णन इतक्या वेळा केलं होतं, की आमच्या सुपरवायझरांनी एकदा दाखवाच म्हणून गळ घातली होती. आखाजी त्या वर्षी रविवारी होती. साहेब आणि स्टोअरमधले आणखी दोघे जेवायला येणार होते. आणि आईनं ठरवलं होतं की याच खापरावर सुनेला मांडे शिकवायचे. शिकली की खापर इथंच ठेवून जायचं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं, बायकोला सांगितलं होतं. बायकोनं मला ते फार नंतर सांगितलं.

शनिवारी कारखान्याला अर्धा दिवस सुट्टी असे. मी दुपारी घरी आलो तर घरात कोणी नव्हतं. कॉलनीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, तिकडे सासू-सून दोघी गेल्या होत्या. मागच्या दारी परसात खापर पालथं घालून ठेवलेलं. त्यावर दोन मुंग्या फिरत होत्या.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी मदत करायला गेलो. त्या काळात रविवारच्या पुरवण्यांमध्ये पुरुषांनी घरकामात हात लावावा असं लिहून यायचं आणि मला ते पटायचं. पण ते खरं कारण नाही. आमचे सुपरवायझर खुर्चीवर बसायच्या आधी रुमालानं खुर्ची पुसत. चहाची कपबशी आली की कपाच्या कडेवरून एकदा बोट फिरवत. हा माणूस उद्या हात धुवायला परसात येणार आणि त्या काळ्या, तेलकट, मुंग्या लागलेल्या वस्तूवर आपलं जेवण होतंय हे पाहणार, हे मला दिसू लागलं. मला माझ्या आईच्या खापराची लाज वाटली. हे खरं कारण.

मी बाही सरसावून मोरीत बसलो. धुण्याच्या साबणाची अख्खी वडी घेतली, काथ्या घेतला आणि खापर घासलं. काळं निघता निघेना, म्हणून बादलीत साबणाचं पाणी करून तासभर त्यात बुडवून ठेवलं. पुन्हा घासलं. शेवटी विटेचा तुकडा घेतला. मी कुठलंही काम अर्धवट सोडत नाही, असं माझ्याबद्दल स्टोअरमध्ये लिहिलेलं होतं. चार वाजेपर्यंत खापर लाल झालं. कुंभाराकडून आत्ताच उतरवल्यासारखं. मी ते उन्हात वाळत ठेवलं, साबणाची उरलेली चकती जागेवर ठेवली आणि खाटेवर बसून कौतुकाची वाट पाहू लागलो.

पाच वाजता दोघी आल्या. बायकोनं हळदीकुंकवाची कैरीची डाळ माझ्यासाठी वाटीत आणली होती. ती मला देऊन ती मोरीकडे पाय धुवायला गेली. आई परसात गेली.

परसातून आईचा आवाज आला तो अहिराणीत. तिनं विचारलं, "हाई कोनी धुयं?"

हे तिनं आम्हा दोघांपैकी कोणाला विचारलं नाही. खापरालाच विचारल्यासारखं विचारलं. मग ते दोन्ही हातांनी उचलून दारात घेऊन आली आणि नाकाशी नेलं. "खापरले साबन लाया?"

आई सुनेकडे पाहत होती. घरात भांडं धुतलेलं दिसलं तर ते कोणी धुतलं असेल, याचा विचार आमच्याकडे एकाच दिशेनं होत असे. मी मोरीत बसून भांडं घासेन हे आईच्या कल्पनेच्या बाहेर होतं. त्या खोलीत माझ्यावर संशय घेणारं कोणी नव्हतं. फक्त एकजण होती, आणि ती माझ्याकडे पाहत होती. माझी उजवी बाही अजून ओली होती. ती बायकोला दिसली हे मला दिसलं.

ती थांबली. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण एखाद्याला बोलायला पुरेल इतका वेळ थांबली. माझ्या तोंडात डाळीचा घास होता. तोंडात घास असताना बोलू नये असं मला लहानपणी शिकवलेलं होतं. मी तो घास नीट चावून खाल्ला. मग दुसरा घेतला.

"माझं चुकलं, आत्या," बायको म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

आई फडकं घेऊन खापर पुसत बसली, जणू पुसून काळेपण परत येणार होतं. मी वाटी संपवली. तेव्हापासून मला कैरीची डाळ खाता येत नाही. चैत्रात आमच्या घरी ती होत नाही आणि का होत नाही हे कोणी विचारत नाही.

रविवारी आईनं तरीही चूल मांडली. तीन विटा, वर खापर. रात्रभर त्याला तेल पाजलं होतं. खापर तापलं तसा साबणाचा वास यायला लागला. मातीनं आदल्या दिवशी जेवढा साबण प्यायला होता, तेवढा ती आता प्रामाणिकपणे परत करत होती. कडेला पांढरट फेसासारखं काहीतरी आलं. आईनं पहिला मांडा टाकला, तो चिकटला. दुसरा उचलताना फाटला. चौथ्याच्या वेळी खापर खट्ट वाजलं आणि मधोमध तडा गेला. तड्यातून विस्तव दिसत होता.

साहेब आणि दोघे बाहेर पाटावर बसलेले. आमरस वाढून झालेला. जे काही निघालं ते त्यांना वाढलं. साहेबांनी एक घास घेतला, विचार केला आणि म्हणाले, छान आहे, एक वेगळाच वास आहे, वेलदोडा का? मी म्हणालो, हो, आमच्याकडे जरा जास्त घालतात. आई दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नामपूरला परत गेली. खापराचे दोन तुकडे तिनं कापडात बांधून सोबत नेले. त्यांचं तिनं काय केलं हे मला माहीत नाही. विचारण्याचा अधिकार माझ्याकडे राहिला नव्हता.

ती गेल्यावर बायकोनं मला एकदाच विचारलं. रागानं नाही, पोळ्या लाटता लाटता. "तुम्ही बोलाल म्हणून मी थांबले होते. तुम्ही का नाही बोललात?"

मी म्हणालो, योग्य वेळी सांगतो. ती म्हणाली, बरं.

योग्य वेळ ही वस्तू आमच्या स्टोअरमध्ये कधीच शिल्लक नसे. त्या दिवाळीला सांगायचं ठरवलं, तर आईला ताप होता. पुढच्या आखाजीला आईची तब्येत बरी, घरातले सगळेच बरे होते, आणि इतक्या आनंदात कशाला, असं वाटलं. नंतर एक वर्ष असं आलं की मला वाटलं, आता सगळे विसरले असतील. त्याच वर्षी मला कळलं की नामपूरला माझ्या बायकोचं नाव साबणवाली पडलं आहे.

नाव मोठ्या काकूनं पाडलं होतं. आई आणि मोठी काकू या जावा एकाच घरात राहत, एकाच परसात चुली मांडत. काकूच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही नसायचं, असं सगळे म्हणायचे. ज्याला बोललं जायचं तो हे म्हणत नसे. आखाजीला परसात दोन-दोन खापरं पेटायची, घरातल्या सगळ्या बायका भोवती बसायच्या, आणि माझ्या बायकोला काकू लांबून हाक मारायची. सुनबाई, तुम्ही तिकडेच बसा हो, कांदे चिरा. ताटं झाली की बोलावते, घासायचं तुम्हाला छान जमतं. बायका हसायच्या. आई हसायची नाही, पण काकूला थांबवायचीही नाही. बायको कांदे चिरायची. नामपूरच्या कांद्याला डोळ्यांत पाणी आणण्यासाठी दुसऱ्या कारणाची गरज नसते, त्यामुळे तिच्याकडे कोणी निरखून पाहत नसे. मी ओसरीवर पुरुषांच्या पंगतीत बसायचो. परसातलं हसणं ओसरीपर्यंत यायचं.

एक गोष्ट मला तिसऱ्या की चौथ्या वर्षी दिसली. कारखान्यात वीज गेली म्हणून मी दुपारी लवकर घरी आलो. बायको स्वयंपाकघरात उभी होती आणि तिच्या हातांवर माझा ओला रुमाल होता. तो ती एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर घेत होती, कोपर बाहेर काढून, खांदे न हलवता. मी दारातच थांबलो. ती आईसारखी करत होती. ज्या खापराजवळ तिला बसू दिलं जात नव्हतं, त्याच्यापासून पंधरा हातांवर कांदे चिरत ती सगळं बघत आली होती.

मला पाहून तिनं रुमाल पिळून दोरीवर टाकला. म्हणाली, वाळत घालत होते.

पुढच्या महिन्यात तिनं लोखंडी कढई गॅसवर पालथी घातली. पहिला मांडा कसला, पुरण भरलेली चाळणीच झाली. मी खाल्ला. पुढचेही खाल्ले. आई येणार नसेल अशा रविवारी दोन महिन्यांतून एकदा आमच्याकडे चोरून मांडे व्हायचे. पुरणाला शिजवलेली डाळ ती पाट्यावर वाटायची, कणीक पाण्याचा हात लावून इतकी तिंबायची की ती ओढली तर तुटायची नाही, लांबायची. भोकं कमी होत गेली. तिच्या हातांवर कोपराच्या खाली बारीक तपकिरी डाग आले. नामपूरला जाताना ती लांब बाह्यांचं पोलकं घालायची. उन्हाळ्यात. काकूनं त्यावरूनही तिला शहरी म्हणून हिणवलं.

मी एकदा तिला म्हटलं की आता तुला येतात तर आईला करून दाखव. ती म्हणाली, "काय म्हणून दाखवू? साबण लावणारीला आता अक्कल आली म्हणून?"

मी पुढचा घास घेतला. जेवत असताना गप्प राहण्याची मला तोवर चांगली सवय झाली होती.

मग धाकट्या बहिणीचं लग्न झालं. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी. आमच्याकडे पहिल्या आखाजीला मुलगी माहेरी येते आणि तिच्या सासरच्यांना मांड्यांचं जेवण घालावंच लागतं. व्याही आठ-दहा जण येणार होते. ते मालेगावकडचे, मांडे ओळखणारे लोक. त्यांना वेलदोडा सांगून भागणार नव्हतं. आणि आईचा उजवा हात त्या हिवाळ्यापासून खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टरांनी शेकायला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, चुलीपाशीच असते, आणखी किती शेकू. भिस्त सगळी मोठ्या काकूवर होती.

त्या सकाळी काकूच्या हातावर कढतं पुरण सांडलं. मनगटापासून बोटांपर्यंत. हळद लावून, फडकं बांधून ती भिंतीशी टेकून बसली आणि कोणालाही न बोलता बसली, यावरून किती भाजलं असेल ते कळत होतं. बहिणीला चुलीपाशी बसवता येत नव्हतं, तिच्या सासूच्या शेजारी बसणं हेच तिचं त्या दिवशीचं काम होतं. ओसरीवर व्याही येऊन बसले. आमरस काढून तयार. कुरडया तळून झालेल्या. रशीचा, म्हणजे कटाच्या आमटीचा, वास सगळ्या गल्लीत.

मी पाण्याचे तांबे नेण्यासाठी मागच्या दारी गेलो तेव्हा आई खापरापुढे बसलेली होती. ती पुरण भरलेला उंडा तळव्यांवर घेई, मनगटापर्यंत वाढवी, आणि झोका द्यायची वेळ आली की खांदा अडे. पोळी एका बाजूनं जड होऊन फाटायची. तिसरी फाटली. आईनं ती गोळा करून बाजूच्या ताटात टाकली. तिथे आधीच्या दोन होत्या. मी आईला वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. आत्ताही ती रडत नव्हती. फक्त चौथा उंडा हातात घेऊन तशीच बसून होती, आणि खापर रिकामं तापत होतं.

काकू भिंतीशी बसून म्हणाली की सटाण्याला माणूस पाठवा, श्रीखंड आणा. आईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पहिल्या आखाजीला मांड्यांऐवजी विकतचं श्रीखंड वाढलं असतं, तर बहिणीला ते सासरी कितीतरी वर्षं ऐकावं लागलं असतं. ते कसं ऐकावं लागतं याची माहिती त्या परसात एकीलाच होती.

ती कांदे घेऊन कोपऱ्यात बसली होती. विळी थांबली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच, आणि तितकाच वेळ. या वेळी माझ्या तोंडात काही नव्हतं.

मी तांबे खाली ठेवले आणि चपला काढून चुलींपाशी गेलो. खापरं पेटलेली असताना पुरुष तिथं जात नाहीत. काकू म्हणाली, भाऊ, धूर लागेल, मागे हो. मी मागे झालो नाही.

"आई, तेव्हा सातपूरला खापर मी धुतलं होतं," मी म्हणालो. "हिनं नाही. ही घरातच नव्हती, तुझ्याबरोबर हळदीकुंकवाला गेली होती."

आईनं हातातला उंडा परातीत ठेवला. हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू येत गेलं. दोघी सोबतच गेल्या होत्या, सोबतच आल्या होत्या. इतकी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती, कारण दुसरी गोष्ट डोक्यात येणं त्याहून अवघड होतं.

पहिली बोलली ती काकू. "आते सांगी राहयना?" एवढंच ती म्हणाली, आणि भाजलेला हात मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला.

मी म्हणालो की हो, आत्ताच सांगतोय, आणि आणखी एक, हिला मांडे येतात. सात वर्षं कढईवर करते. मी खात आलोय.

आईनं त्यावर मला काही विचारलं नाही. माझ्या शब्दावर आता कशाला विश्वास ठेवायचा, असा प्रश्न होता आणि तो रास्त होता. तिनं सुनेला जवळ बोलावलं. तिची बाही स्वतःच्या डाव्या हातानं वर सरकवली. डाग पाहिले. मग विचारलं, दहात किती फाटतात.

बायको म्हणाली, "एक. पहिला."

आई सरकली आणि खापरापुढची जागा मोकळी केली. त्यानंतर ती सुनेशी जे बोलली ते शहरी मराठीत नव्हतं, आणि बोलण्याआधी ती थांबलीही नाही.

"पोरी, हात धुई ये," आई म्हणाली. "साबन लावू नको."

काकू हसली. मग भाजलेला हात हलला म्हणून कण्हली. बायको मात्र हसली नाही. ती मोरीत गेली, नुसत्या पाण्यानं हात धुऊन आली, आणि बसली.

पहिला फाटला. पुढचे फाटले नाहीत. ओसरीवर व्याही पोटभर जेवले. बहिणीच्या सासूनं विचारलं की मांडे कोणाच्या हातचे, तर काकूनं ओसरीच्या दाराशी येऊन, बांधलेला हात मिरवत, आमच्या नाशिकच्या सुनेच्या, असं सांगितलं. साबणवाली हा शब्द त्या घरात मी पुन्हा ऐकला नाही. मला मात्र शेवटच्या पंगतीत आईनं स्वतः वाढलं. आधी तीन फाटलेले, मग तो चौथा फाटलेला. चारही मी खाल्ले. आई समोर बसून होती, संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं परत निघालो. बायको खिडकीशी. तिच्या हातांवर नवे डाग होते, लाल, आणि तिनं बाह्या वर केलेल्या होत्या. मला हलकं वाटत होतं. सटाणा जवळ आल्यावर मी म्हणालो, "झालं एकदाचं."

"काय झालं?"

"सांगितलं ना सगळं."

"आत्यांना सांगितलंत," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

सटाण्याला गाडी दहा मिनिटं थांबली. मी चहा आणला, तिनं घेतला. कप परत देऊन येईपर्यंत मी विचार करत होतो आणि मला एक गोष्ट आढळली. अकरा वर्षांत योग्य वेळ शोधताना मी कितीतरी वाक्यं मनात तयार केली होती. सगळी आईला सांगायची होती. आईला काय वाटेल, आई काय म्हणेल, काकू काय म्हणेल. शेजारी बसलेल्या बाईसाठी मी एकही वाक्य तयार केलेलं नव्हतं. परसात सगळ्यांसमोर कबूल केलं तेव्हाही मी तिच्याबद्दल बोललो होतो, तिच्याशी नाही.

देवळा गेलं. चांदवडचा घाट आला. वाक्य काही तयार होईना. घाट उतरल्यावर मी तयार करायचं सोडून दिलं.

"खापर धुतलं ते माझं चुकलंच," मी तिला म्हणालो, "पण ते कमी चुकलं. तू थांबली होतीस, ते मला कळलं होतं. माझी बाही ओली होती आणि ती तू पाहिलीस, तेही मला दिसलं होतं. तरी मी डाळ खात बसलो. पुढची सगळी वर्षं तू कांदे चिरलेस आणि मी ओसरीवर बसून ऐकत राहिलो. मला माफ कर."